गॅस गिझर : दोष, कारणे आणि दक्षता

शहरांप्रमाणेच ग्रामीण भागातही आज अनेक घरांत बंब व चूल यांची जागा गॅस गिझरने घेतली आहे. पाणी तत्काळ तापते व विजेची बचत होते, हे त्याचे उघड लाभ होत. तथापि, या साधनातील साधे दोष कोणते व गंभीर कोणते, याची माहिती वापरणाऱ्यास असणे अगत्याचे आहे.

ठिणगी पडत नाही

नळ उघडताच वाहत्या पाण्याच्या दाबाने आतील पडदा सरकतो, ठिणगी पडते व गॅसची झडप उघडते. ठिणगी न पडल्यास प्रथम बॅटरीचे सेल बदलून पाहावेत. सेल चांगले असतील, तर दोष बहुधा पाण्याच्या दाबात असतो. टाकी गिझरपेक्षा पुरेशी उंच नसल्यास, अथवा पाणी आत येण्याच्या तोंडाशी असलेल्या जाळीत गाळ साचल्यास पडदा सरकत नाही. अशा वेळी जाळी स्वच्छ करावी.

ठिणगी पडते, पण ज्योत पेटत नाही

सिलिंडर संपला आहे काय, रेग्युलेटर बंद आहे काय, नळी दुमडली आहे काय, हे क्रमाने तपासावे. नवा सिलिंडर जोडल्यावर नळीतील हवेमुळे पहिल्या एकदोन प्रयत्नांत ज्योत न पेटणे स्वाभाविक आहे.

पाणी कोमट येते किंवा ज्योत मध्येच विझते

प्रवाह फार मोठा असल्यास पाणी कमी तापते. तो थोडा कमी करावा. कूपनलिकेच्या जड पाण्याने आतील नळ्यांत क्षार साचतात. ते कारागिराकडून काढून घ्यावेत. अनेक गिझर सुमारे २० मिनिटांनी आपोआप बंद होतात. हा दोष नव्हे, संरक्षण आहे. ते निकामी करून घेणे घातक ठरते.

पिवळी ज्योत : धोक्याची खूण

निळी ज्योत हे पूर्ण ज्वलनाचे लक्षण होय. ज्योत पिवळी दिसल्यास किंवा काजळी धरल्यास गिझर तत्काळ बंद करून दुरुस्त करून घ्यावा. अपुऱ्या हवेत ज्वलन अपूर्ण राहून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही, वासही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा २०० हून अधिक पटींनी घट्ट जोडला जातो. डोके दुखते, मळमळते, पाय लटपटतात आणि कडी उघडण्यापूर्वीच शुद्ध हरपू शकते.

याचा हिशेब सोपा आहे. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापविण्यास ताशी सुमारे १ किलो गॅस लागतो व तो जळण्यास १२ ते १३ घनमीटर हवा लागते. दीड मीटर लांब, तेवढ्याच रुंद व २.४ मीटर उंच न्हाणीघरात जेमतेम साडेपाच घनमीटर हवा असते. म्हणजे खोली बंद असल्यास अर्ध्या तासाच्या आतच हवा अपुरी पडते; धोका त्याच्याही कितीतरी आधी सुरू होतो. म्हणून गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवून गरम पाणी नळाने आत आणणे हाच खरा उपाय होय. केवळ झरोका असणे पुरेसे मानू नये.

कोणी बेशुद्ध आढळल्यास दार उघडून त्यास प्रथम मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्धीवर आला तरी डॉक्टरांस दाखवावे. गॅसचा वास आल्यास विजेचे बटण दाबू नये. रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात व बाहेर जाऊन १९०६ वर कळवावे. गळतीचा शोध साबणाच्या फेसाने घ्यावा, काडी पेटवून कदापि नव्हे.

शिक्षकांनी ज्वलनाचा पाठ शिकविताना निळ्या व पिवळ्या ज्योतीतील भेद विद्यार्थ्यांस समजावून द्यावा. पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत हा विषय मांडावा, तर अधिकाऱ्यांनी वसतिगृहे व विश्रामगृहांतील गिझर कोठे बसविले आहेत, हे प्रत्यक्ष पाहावे. जागा बदलण्याचा खर्च अल्प आहे; न बदलल्यास मोजावी लागणारी किंमत मात्र भरून न येणारी आहे.