कणकेचा गोळा : लिहिण्याआधीची तयारी



शिशुवर्गाच्या पालकसभेत दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो : "आमचं मूल लिहायला कधी लागणार?" आमचे उत्तर असते, हात तयार झाला की. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या मनगटाची हाडे अजून पुरती घट्ट झालेली नसतात. बोटांत बळ नसताना पेन्सिल हाती दिली तर मूल ती मुठीत आवळून धरते, लवकर थकते आणि लिहिण्याचा कंटाळा करू लागते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानून खेळातून शिकण्यावर भर दिला आहे.

आपल्या गुजरातेत ही वाट जुनी आहे. भावनगरला १९२० मध्ये गिजुभाई बधेका यांनी बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक त्यांच्या कामात सहभागी झाल्या. पुढे १९४५ मध्ये बोर्डीला ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी पाने, बिया, शिंपले अशा परिसरातल्या वस्तूंवर बालवाडी चालवली. महागडी साधने नसली तरी चालते, हे त्यांनी दाखवून दिले. आपणही स्वयंपाकघरातूनच सुरुवात करू या.

साहित्य : मैदा किंवा कणीक २ वाट्या, बारीक मीठ १ वाटी, गोडेतेल २ मोठे चमचे, लिंबाचा रस १ मोठा चमचा, पाणी साधारण पाऊण ते एक वाटी. रंगासाठी हळद किंवा बिटाचा रस.

कृती : परातीत पीठ आणि मीठ मुलालाच मोजून घालू द्या. "पिठाच्या दोन वाट्या, मग मिठाची किती?" असे विचारा. दोन्ही कोरडेच कालवून तेल व लिंबूरस घाला. रंग हवा असेल तर हळद पिठात आणि बिटाचा रस पाण्यात मिसळा. पाणी थोडे थोडे घाला आणि दर वेळी मुलाला विचारा, "अजून घालू का?" गोळा चिकटला तर पीठ, भेगा पडल्या तर पाण्याचा हात. हे त्याचे त्यालाच ठरवू द्या. परात सांडली तरी चालेल. मग पाच-सात मिनिटे दोघांनी मिळून मळा. मळताना गव्हातली प्रथिने एकमेकांत गुंततात, म्हणून गोळा लवचिक होतो. मिठामुळे आणि लिंबामुळे तो टिकतो. घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर राहतो. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते, तेव्हा थोडे कोरडे पीठ मिसळावे.

आता खेळ. तळहाताने लांब वळी वळणे, लाटी करून लाटणे, बोटांनी थापणे, पारी करून मोदकाला चिमटीने कळ्या पाडणे. कळी पाडणारी चिमूटच उद्या पेन्सिल धरणार आहे. वळीचेच 'ट' आणि 'ठ' करा, वर शिरोरेषेची एक वळी ठेवा. अक्षर आधी बोटांना कळू द्या.

दुसरी गोष्ट भाषेची. आपली मुले दिवसभर गुजरातीत खेळतात, आणि ते चांगलेच आहे. 'लोट' आणि 'वेलण' त्यांना येते. पण कणीक, उंडा, लाटी, पारी, तिंबणे, कालवणे हे शब्द घरात कोणी उच्चारले नाहीत तर ते कुठून येणार? पुस्तकात ते क्वचितच भेटतात. गोळा मळताना आजी-आजोबांना जवळ बसवा. मूल 'लोट बांधला' म्हणाले तर हसू नका, टोकू नका. "हो, छान कणीक मळलीस," एवढेच म्हणा.

काही आजींना अन्नाशी खेळ रुचत नाही. ती भावना योग्यच आहे. डब्याच्या तळाचे जुने पीठ वापरावे, एकदा केलेला गोळा जपून वापरावा.

काळजी : हा गोळा खाण्याचा नाही. यात मीठ फार आहे. जास्त पोटात गेल्यास लहान मुलाला आणि घरच्या कुत्र्या-मांजरालाही अपाय होतो. मूल खेळत असताना मोठ्यांनी जवळ असावे. हाताला जखम असल्यास मीठ झोंबते. गव्हाचे वावडे असलेल्या मुलासाठी तांदळाचे पीठ घ्यावे, मात्र तो गोळा लवकर भेगाळतो.

मोठ्या भावंडांसाठी प्रश्न : हळदीचे हात साबणाने धुताना फेस लालसर का दिसतो? उत्तर विज्ञानाच्या बाईंना सांगा.

येत्या सोमवारी प्रत्येक मुलाने घरी केलेली एक वस्तू शाळेत आणावी. ती सावलीत दोन-तीन दिवस सावकाश वाळवावी, म्हणजे तडकणार नाही. वस्तू कशी केली ते मूल वर्गात स्वतःच्या शब्दांत सांगेल. पालकांनी मात्र ती सुबक करून देऊ नये. वाकडातिकडा हत्ती आम्हाला अधिक आवडेल.

— शिशुवर्गाच्या शिक्षिका