फुप्फुसांतील पृष्ठक्रियाकारक द्रव्य

साबणाच्या पाण्याचे दोन फुगे, एक लहान व एक मोठा, नळीच्या दोन टोकांस धरून मधली तोटी उघडली, तर काय होईल? दोन्ही फुगे सारखे होतील, असे वाचकांस वाटेल. प्रत्यक्षात लहान फुगा आक्रसतो व त्यातील हवा मोठ्या फुग्यात शिरते. द्रवाचा पृष्ठभाग सदैव आकुंचन पावू पाहतो. या प्रवृत्तीस पृष्ठताण म्हणतात. पृष्ठताण सारखाच असता फुग्याची त्रिज्या जितकी लहान, तितका आतील दाब अधिक, असा लाप्लास यांचा नियम आहे.

आपल्या फुप्फुसांत कोट्यवधी वायुकोश असतात. प्रत्येकाचा व्यास सुमारे ०.२ मिलिमीटर असून आतून द्रवाचा पातळ थर असतो. हा थर केवळ पाण्याचा असता, तर प्रत्येक उच्छ्वासाबरोबर लहान वायुकोश मिटले असते आणि ते पुन्हा उघडण्यास फार श्रम पडले असते. तसे घडत नाही. कारण वायुकोशांच्या भित्तींतील विशिष्ट पेशी मेद व प्रथिने यांचे एक मिश्रण स्रवतात. त्यातील मेदाच्या रेणूंचे एक टोक पाण्याकडे व दुसरे हवेकडे वळलेले असते. वायुकोश लहान होऊ लागला की हे रेणू दाटीने जवळ येतात आणि पृष्ठताण अत्यंत कमी करतात. हेच पृष्ठक्रियाकारक द्रव्य होय.

फुप्फुसांच्या ताणात पृष्ठताणाचा वाटा मोठा आहे, हे कुर्ट फॉन नीरगार्ड यांनी १९२९ साली दाखविले होते. १९५७ साली जॉन क्लेमेंट्स यांनी फुप्फुसांच्या अर्काचा पृष्ठताण मोजून या द्रव्याचे कार्य स्पष्ट केले. पुढे १९५९ साली मेरी एलन एव्हरी व जेरे मीड यांना श्वसनविकाराने दगावलेल्या अर्भकांच्या फुप्फुसांत याचीच उणीव आढळली.

हे द्रव्य गर्भाच्या फुप्फुसांत सामान्यतः ३५ व्या आठवड्याच्या सुमारास पुरेसे होते. त्यापूर्वी जन्मलेल्या बालकास प्रत्येक श्वास पहिल्या श्वासाइतकाच कष्टाचा होतो. ते कण्हते, बरगड्यांमधील त्वचा आत ओढली जाते व अखेर ते थकते. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा पुत्र १९६३ साली याच विकाराने दोन दिवसांच्या आत दगावला.

आज परिस्थिती पालटली आहे. अकाली प्रसूतीचा संभव असता मातेस स्टेरॉइड औषध दिल्यास गर्भाची फुप्फुसे लवकर पक्व होतात, हे लिगिन्स व हॉवी यांनी १९७२ साली सिद्ध केले. १९८० साली फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसांपासून बनविलेले द्रव्य अर्भकांच्या श्वासनलिकेत सोडून त्यांस वाचविले. साबणाच्या फुग्याचा नियम जाणल्यानेच नवजात बालकाचा श्वास राखण्याचा मार्ग सापडला.