मनावरचा आघात आणि समुपदेशन : शिक्षक-पालकांनी काय करावे?



ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला, तेव्हा मी नदीकाठच्या एका शाळेत चौथीला शिकवत होते. पाणी ओसरून शाळा भरली आणि मी फळ्यावर निबंधाचा विषय लिहिला : 'मी पाहिलेला महापूर'. वाटलं, मुलं मन मोकळं करतील. पण एक हुशार मुलगी कोरी वही पुढ्यात घेऊन बसून राहिली. पुढे पावसाची सर आली की ती दप्तर भरून दाराशी जाऊन उभी राहायची. तेव्हा कुठे माझी चूक मला कळली.

आघात म्हणजे काय?

पूर, अपघात, जवळच्या माणसाचा मृत्यू, मारहाण, अत्याचार... प्रसंग संपतो, पण मन आणि शरीर अजून धोका आहे असंच समजून वागतं.

मुलांमध्ये : झोपेत दचकणे, अंथरूण ओले करणे, आईला सोडून न राहणे, कारण नसताना पोट दुखणे, तोच प्रसंग पुन्हा पुन्हा खेळात आणणे.

मोठ्यांमध्ये : प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहणे, ती जागा टाळणे, झोप उडणे, चिडचिड, व्यसन वाढणे.

पहिली मदत

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली. तिची तीन सूत्रे सोपी आहेत : पाहा, ऐका, जोडून द्या. आधी सुरक्षितता आणि तातडीच्या गरजा पाहायच्या. समोरचा जेवढं सांगेल तेवढंच ऐकायचं. मग घरच्यांशी, योग्य मदतीशी जोडून द्यायचं. 'काय झालं ते सगळं सांग' असा आग्रह इथे बसत नाही. मी नेमकं तेच केलं होतं.

वर्गात काय करता येईल?

१. परिपाठ, जेवण, खेळ रोज ठरलेल्या वेळी ठेवा. उद्या काय होणार हे कळलं की मूल सावरतं.
२. कागद, रंग, माती द्या. विषय देऊ नका. चित्राचा अर्थ लावत बसू नका.
३. 'रडू नको, विसरून जा' म्हणू नका. 'भीती वाटणं साहजिक आहे, मी इथेच आहे' एवढं पुरे.
४. इतर मुलांसमोर विचारू नका.

तज्ज्ञांकडे कधी?

त्रास महिन्यापेक्षा जास्त टिकला, अभ्यास-जेवण-झोप बिघडली, तर थांबू नका. मरणाची भाषा आली तर त्याच दिवशी मदत घ्या. लहान मुलांसाठी खेळातून उपचार होतात. आघातासाठीच्या बोधात्मक वर्तन उपचारात तज्ज्ञ भीतीला हळूहळू, सुरक्षितपणे सामोरं जायला शिकवतात. मुलांच्या बाबतीत पालकांनाही सोबत घेतात. मोठ्यांसाठी फ्रान्सिन शापिरो यांनी विकसित केलेली ईएमडीआर पद्धतही वापरतात. 'टेली-मानस' १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. मुलांसाठी १०९८ आहेच.

त्या मुलीची आईसुद्धा पावसात रात्रभर जागी असायची, हे मला पालकभेटीत कळलं. घरातलं मोठं माणूस घाबरलेलं असेल तर मूल कसं शांत होणार? म्हणून मदत दोघींनाही लागली.

आपण शिक्षक समुपदेशक नाही. पण मुलाचा बदल घरानंतर आपल्यालाच आधी दिसतो. ती मुलगी दाराशी उभी राहिली की मी तिच्याजवळ जाऊन उभी राहू लागले, काही न विचारता. दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा सर आली, आणि ती जागेवरच बसून राहिली.