पीक गेलं, तरी उपकारस्तुती?

प्रश्न : अतिवृष्टीत आमचं सोयाबीन शेतातच सडलं, त्यात यजमानांचं आजारपण. मंडळीत सगळे म्हणतात, देवाचे उपकार माना. माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. माझा विश्वास कमी पडतोय का?
– एक भगिनी, औसा (जि. लातूर)

उत्तर : नाही, ताई. पौल सर्व परिस्थितीत उपकारस्तुती करायला सांगतो. संकटालाच चांगलं म्हणा, असं तो सांगत नाही. 13वं स्तोत्र तक्रारीने सुरू होऊन गाण्यावर संपतं. 88वं तर अंधारातच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. तेव्हा आधी मनसोक्त रडा, देवाशी भांडा. तीही प्रार्थनाच.

मग हबक्कूकचा तिसरा अध्याय वाचा. अंजिराला बहर नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरं नाहीत, हे सगळं नुकसान तो आधी मोजतो आणि नंतरच देवाच्या ठायी आनंद मानतो. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हा अध्याय समजावून सांगावा लागत नाही. 30 सप्टेंबर 1993च्या किल्लारी भूकंपात ज्यांची माणसं गेली, त्यांना दुसऱ्या दिवशी ‘आभार माना’ म्हणणं क्रूरपणाच ठरला असता.

रात्री यजमानांजवळ बसून दिवसातली एकच खरी गोष्ट देवाला सांगा : उतरलेला ताप, शेजारणीने दिलेली भाकरी. काही सुचलं नाही, तर नुसतं बसा. मंडळीतल्या लोकांना मात्र स्पष्ट सांगा, की उपदेशापेक्षा औषधाला हातभार लावा, पंचनाम्यासाठी तलाठ्याकडे सोबत या. झोप उडाली, जगणं नकोसं वाटू लागलं, तर टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर लगेच फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं.