हिरव्या पानाची छापील ग्वाही

न्यायशास्त्रात नुसत्या प्रतिज्ञेने काही सिद्ध होत नाही. ‘पर्वतावर अग्नी आहे’ असे म्हणणाऱ्याला धूर दाखवावा लागतो. बाजारातल्या मालाला मात्र आपण धूर विचारीत नाही.

गेल्या आषाढीस दिंडीसाठी आम्हीच हजार कागदी पेले घेतले. वेष्टनावर हिरवे पान आणि ‘पर्यावरणस्नेही’ हा शब्द, आम्ही निर्धास्त! मुक्कामी एक पेला रात्रभर बादलीत राहून गेला. सकाळी पाहतो तो कागदाचा लगदा झालेला, आणि आतले प्लास्टिकचे पातळ अस्तर जसेच्या तसे हाती आले. चहा झिरपू नये म्हणून ते लावलेले असते. कीर्तनात दांभिकाला झोडणारे आम्ही, छापील टिळ्याला भुललो की हो!

‘हिरवे’, ‘नैसर्गिक’ हे शब्द म्हणजे प्रतिज्ञा, हेतु नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२४ साली मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांतही असे दावे पुराव्यावाचून करू नयेत असेच सांगितले आहे. ‘खत होणारी’ म्हणून कोणी पिशवी दिली तर तिच्यावर आयएस १७०८८ हा मानक-क्रमांक पाहावा. तोही कारखान्यातल्या उष्णतेत होणाऱ्या खताचा. वाटेवरच्या बांधावर टाकलेली पिशवी तशीच पडून राहायची. पत्रावळीही नखाने खरवडून पाहावी.

यंदा आम्ही प्रत्येकाला आपापले फुलपात्र आणावयास सांगितले. धुवायला पाणी लागते, टँकर उशिरा येतो, कुरकुर होतेच. दोघी म्हाताऱ्यांच्या फुलपात्रांची अदलाबदल होऊन तंटा झाला, तेव्हा सगळ्यांच्या बुडाशी नावे घालून घेतली.