‘आजीचे तुकडे’ : एका ब्रोचचा इतिहास

इतिहास केवळ ताम्रपट, शिलालेख आणि बखरींतच असतो असे नाही. तो दागिन्यांतही असतो. ब्रोच हा मुळात वस्त्राची दोन टोके अडकविण्याचा काटा. पुढे त्यावर रत्ने चढली व राजघराण्यांत तो वैभवाचे चिन्ह बनला. इंग्लंडच्या राजघराण्यातील असाच एक ब्रोच अभ्यासण्यासारखा आहे.

२६ जानेवारी १९०५ रोजी दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्सवाल प्रांतात, प्रीमियर खाणीत, ३,१०६ कॅरटचा म्हणजे सुमारे ६२१ ग्रॅम वजनाचा हिरा सापडला. खाणीचे अध्यक्ष थॉमस कलिनन यांच्यावरून त्याला ‘कलिनन’ हे नाव मिळाले. ट्रान्सवाल सरकारने तो दीड लाख पौंडांस विकत घेतला आणि ९ नोव्हेंबर १९०७ रोजी सातव्या एडवर्डला त्याच्या ६६ व्या वाढदिवशी भेट दिला.

ही भेट कशासाठी? १८९९ ते १९०२ या काळात ट्रान्सवालचे बोअर इंग्रजांशी लढले व हरले. डिसेंबर १९०६ मध्ये प्रांताला अंतर्गत स्वराज्य मिळाले आणि कालचा बोअर सेनापती लुई बोथा पंतप्रधान झाला. हिरा ही राजनिष्ठेची ग्वाही होती. खरेदीचा ठराव कायदेमंडळात ४२ विरुद्ध १९ मतांनी संमत झाला. खाणीत राबणाऱ्या काळ्या मजुरांना मताचा अधिकारच नव्हता.

याच कायदेमंडळाने १९०७ मध्ये हिंदी लोकांवर बोटांचे ठसे देऊन नोंदणी करण्याची सक्ती केली. तिला विरोध केल्याबद्दल जानेवारी १९०८ मध्ये गांधीजींना जोहान्सबर्ग येथे कैद झाली. पुढच्याच महिन्यात ॲम्स्टरडॅमला जोसेफ अ‍ॅशर यांनी कलिनन फोडला.

त्यातून नऊ मोठे हिरे निघाले. पहिला, ५३०.२ कॅरटचा, राजदंडात बसविला, दुसरा, ३१७.४ कॅरटचा, राजमुकुटात. तिसरा (९४.४ कॅरट) व चौथा (६३.६ कॅरट) १९१० मध्ये दक्षिण आफ्रिकेतर्फे राणी मेरीला देण्यात आले. या दोहोंचा तो ब्रोच. १९५३ मध्ये तो नात दुसरी एलिझाबेथ हिच्याकडे आला. घरात त्याला गमतीने ‘आजीचे तुकडे’ म्हणत! २०२३ च्या राज्यारोहणात हेच दोन हिरे राणी कॅमिलाच्या मुकुटात बसविलेले होते.

आमच्यासारख्या घरांत दागिना म्हणजे अडीनडीला गहाण टाकायची वस्तू. त्याचा इतिहास सावकाराच्या वहीत सापडतो. राजघराण्यातील या दागिन्याचा इतिहास कायदेमंडळाच्या ठरावात सापडतो. तो वाचताना ब्रोच कोणी मिरविला याबरोबरच, तो ठराव होताना कोणाला हात वर करता आला नाही, हेही विद्यार्थ्यांनी पाहावयास हवे.