पऱ्हाटीतला गॅस

प्रश्न : कापूस संपला की आमच्याकडे पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर पेटवून देतात. तिच्यापासून इंजिन चालवण्याजोगा गॅस निघतो म्हणे. तो गोबरगॅससारखाच का?
– एक वाचक, कळंब (जि. यवतमाळ)

उत्तर : गॅस निघतो, पण रीत निराळी. गोबरगॅसमध्ये जंतू शेण कुजवतात. इथे काम आगीचं, फक्त तिला पोटभर हवा द्यायची नाही.

तुमच्या चुलीतच बघा. पऱ्हाटीचं एक टोक पेटलेलं असतं आणि दुसऱ्या टोकातून पिवळसर धूर सुटतो. त्या दाट धुराला जाळ दाखवला की धूरच पेट घेतो. काडीतून सुटलेला वायूच तो! गॅसिफायर म्हणजे हाच धूर कामाला लावणारी उभी, बंद भट्टी. वाळलेले तुकडे वरून टाकायचे, हवा मोजून सोडायची. आतल्या आगीची धग हजार अंशांच्या पुढे जाते. तापलेल्या निखाऱ्यांतून जाताना धुरातलं डांबर बरंचसं फुटतं आणि कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन असलेला जळाऊ वायू हाती येतो. त्यात निम्मा भाग हवेतल्या नायट्रोजनचा, म्हणून त्याची उष्णता नैसर्गिक वायूच्या साधारण आठव्या हिश्श्याइतकीच.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना, तेव्हा आपल्याकडे कोळशाच्या गॅसवर मोटारी धावल्या. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९०च्या दशकात उसाच्या पाचटावर आणि चिपाडावर चालणारा गॅसिफायर करून दाखवला, तो कारखान्यातल्या भट्टीला उष्णता पुरवण्यासाठी. मलाही तोच मार्ग खरा वाटतो. इंजिन चालवायचं तर उरलेलं डांबर आत चिकटतं, गॅस धुऊन-गाळून घ्यावा लागतो. एक युनिट विजेला सव्वा किलोच्या आसपास कोरडं लाकूड जातं. भट्टीला, वाळवणयंत्राला एवढे सोपस्कार लागत नाहीत. पऱ्हाटी मात्र पसरट. ट्रॉली शिगोशीग भरली तरी वजन भरत नाही. म्हणून ती जवळच तोडून वापरली तरच परवडते. आणि हा वायू विषारी, त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नाही. बंद खोलीत त्याचा प्रयोग कधीही करू नका.

पुढच्या हंगामापर्यंत पऱ्हाटीचे ढीग रचून ठेवणंही बरं नाही. न फुटलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दबा धरून बसते. गावात गॅसिफायर येईल तेव्हा येवो. यंदाची पऱ्हाटी पेटवू नका, श्रेडरने बारीक करून शेतातच मिसळा.